पंधरा वर्षांचा स्टॉपर, नाशिक: व्यावसायिक डिफेंडर व्हायचं तर आत्तापासून काय काय करावं लागेल?

इंदिरानगरची मावशी

नमस्कार मंडळी. भाचा पंधरा वर्षांचा आहे, यंदा दहावीत. शाळेच्या संघात स्टॉपर (मधला बचावपटू) खेळतो. पाय उजवा, उंची ५ फूट ७ इंच, वजन ५४ किलो. आठवड्यातले चार दिवस पाथर्डी फाट्याकडच्या एका टर्फवर अकादमीत जातो. त्याला डिफेंडर म्हणूनच पुढं जायचंय. घरात दोन तट पडलेत, आणि दोन्ही तटांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, म्हणून इथं विचारतेय.

१) स्टॉपरला ही उंची चालते का, की आत्ताच जागा बदलावी?
२) नाशिक कधी सोडायचं? सोडावंच लागतं का?
३) ट्रायलला डिफेंडरचं नेमकं काय बघतात?
४) एका गृहस्थांनी "मोठ्या क्लबात ट्रायल लावून देतो" म्हणून आगाऊ रक्कम मागितली आहे. हे असंच चालतं का?
५) एवढं करून करिअर किती वर्षांचं असतं?

"मेहनत कर, फळ मिळेल" हे घरात रोज ऐकतोय. कृपया नेमकं सांगा.

सहाव्या नंबरची जर्सी

ताई, सगळ्यात आधी टर्फबद्दल. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

जाळीबंद टर्फवर पाच-पाच किंवा सात-सात जणांचा खेळ होतो. तिथं ऑफसाइड (बचावफळीमागं आधीच उभ्या खेळाडूला पास चालत नाही, तो नियम) नसतो, चेंडू डोक्यावरून येत नाही आणि डिफेंडरच्या पाठीमागं मोकळी जागाच नसते. पाय चपळ होतात, छोटा पास सुधारतो, हे खरं. पण स्टॉपरचं निम्म्याहून जास्त काम पाठीमागची तीस-चाळीस मीटर जागा सांभाळण्याचं असतं. ते टर्फवर शिकायलाच मिळत नाही. त्यामुळं चारपैकी किमान दोन दिवस मोठ्या मैदानावर न्या आणि आठवड्याला एक पूर्ण अकरा-अकराचा सामना मिळेल असं बघा. आपल्याकडं मोठ्या मैदानांवर पहिला हक्क क्रिकेटचा, ही रड जुनीच आहे. तरी देवळालीच्या निवासी शाळा, भोसला सैनिकी शाळेचं मैदान, कॉलेजांची मैदानं इथं कुणाचा ना कुणाचा सराव सामना चाललेला असतो. अकादमीच्या कोचना स्पष्ट विचारा: महिन्यात अकरा-अकराचे सामने किती? उत्तर "टूर्नामेंट आली की" असं आलं तर दुसरा संघ शोधा.

आता नेमकं काय शिकायचं.

एकास एक. चेंडू समोरच्याकडं जात असताना, म्हणजे वाटेत असताना, जोरात पळून अंतर कमी करायचं. त्यानं पहिला टच घेतला की शेवटचे तीन-चार मीटर छोटी पावलं. थांबायचं साधारण दीड मीटरवर. शरीर आडवं, एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकलेले, वजन पंज्यावर. दोन्ही पाय एका ओळीत ठेवून छाती समोर धरली की चेंडू पायांमधून गेलाच म्हणून समजा. टाचांवर वजन असेल तर वळायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि तेवढ्यात विंगर (बाजूनं धावणारा आक्रमक) निघून गेलेला असतो. नजर चेंडूवर ठेवायची. खांद्याच्या आणि कमरेच्या हुलकावणीकडं लक्षच द्यायचं नाही. टॅकल कधी? चेंडू त्याच्या बुटापासून सुटून पुढं जातो त्या क्षणी. चेंडू पायाला चिकटलेला असताना पाय घातला तर फाउल तरी होतो, नाही तर तो निघून जातो. आणि त्याला कुठं ढकलायचं हे आधीच ठरलेलं हवं: बहुतेक वेळा टचलाइनकडं (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडं), किंवा त्याच्या कच्च्या पायावर. स्लाइड टॅकल हा शेवटचा उपाय आहे. एका सामन्यात चार-पाच वेळा जमिनीवर जाणारा पोरगा शूर दिसतो खरा, पण बहुतेकदा तो आधीच चुकीच्या जागी उभा असतो.

लाइन, म्हणजे बचावाची फळी. इथंच चांगला स्टॉपर आणि नुसता दणकट पोरगा वेगळे होतात. नियम एकच आणि साधा: ज्याच्याकडं चेंडू आहे त्याच्यावर दबाव आहे का? त्याची पाठ आपल्या गोलकडं असेल किंवा आपला माणूस त्याच्या अंगावर असेल तर लाइन पुढं. तो मोकळा असेल आणि मान वर करून बघत असेल तर पास सुटायच्या आधीच चार-पाच मीटर मागं सरकायचं. पास सुटल्यावर पळणं म्हणजे स्ट्रायकरला शर्यत भेट देणं. शालेय संघांत हमखास चुकतं ते असं: दोन्ही स्टॉपर पुढं येतात, लांबच्या बाजूचा बॅक (कडेचा बचावपटू) मागंच रेंगाळतो आणि सगळ्यांना ऑनसाइड करून ठेवतो. मग सगळे हात वर करून लाइनमनकडं बघत बसतात.

क्रॉस (बाजूनं गोलसमोर मारलेला चेंडू) आला की चेंडू आणि आपला माणूस दोन्ही दिसतील असं अर्धं वळून उभं राहायचं, माणसाच्या गोलकडच्या बाजूला. हाताचा हलका स्पर्श ठेवायचा, म्हणजे तो कुठं सरकला हे न बघता कळतं. जर्सी धरली की पेनल्टी. हेडरला एका पायावर उडी, कपाळाचा वरचा सपाट भाग, डोळे उघडे, आणि चेंडू उंच, लांब, बाजूला. मधोमध खाली पडलेला हेडर म्हणजे समोरच्याला दिलेला पास.

२०१९ मध्ये नियम बदलला. गोलकिकचा चेंडू आता सहकाऱ्याला पेनल्टी बॉक्सच्या आतच घेता येतो, चेंडू बॉक्सबाहेर जायची वाट बघावी लागत नाही. तेव्हापासून स्टॉपरला चेंडू खेळता येणं ही चैन उरलेली नाही. चेंडू येण्याआधी एकदा मागं, एकदा बाजूला बघायचं आणि लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे पुढचं मैदान उघडं होतं. भाचा उजव्या पायाचा आहे. डाव्या पायानं वीस-पंचवीस मीटरचा जमिनीवरचा पास आला नाही तर वरच्या पातळीवर समोरचा संघ त्याला मुद्दाम डावीकडं वळवून कोंडतो. रोज पंधरा मिनिटं भिंतीवर फक्त डावा पाय. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आणि बोलणं. मुका स्टॉपर चालत नाही. "वर", "मागं माणूस", "वेळ आहे", "वळ", "सोड". एवढे शब्द पुरतात, पण सतत आणि पास यायच्या आधी.

उंचीचं: इटलीचा फाबियो कन्नावारो १ मीटर ७६ सेंटिमीटरचा. २००६ चा विश्वचषक त्यानं कर्णधार म्हणून उचलला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घेतला, तोही स्टॉपर असून. अर्जेंटिनाचा लिसांद्रो मार्टिनेझ १.७५ चा, २०२२ चा विश्वविजेता. म्हणजे अशक्य नाही. पण ट्रायलला दोनशे पोरं उभी असतात तेव्हा निवडणारा स्टॉपरच्या जागेवर आधी उंच पोरं बाजूला काढतो, हेही खरं. पंधराव्या वर्षी उंची संपलेली नसते, म्हणून स्टॉपर सोडू नका. फक्त आत्तापासून राइट बॅकही शिकवा. दोन जागा येणाऱ्याला संघात जागा मिळते.

देवळाली फिजिओ

वरचा खेळाचा भाग पूर्ण पटला. शरीराचं मी सांगते.

५ फूट ७ आणि ५४ किलो म्हणजे अजून भरायचं शरीर आहे. वाढीच्या झपाट्यात दोन दुखणी फार दिसतात. गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा असतो तिथं दुखणं (ऑसगुड-श्लाटर) आणि टाचेच्या मागं दुखणं (सेव्हर्स). दोन्हींत हाड वेगानं वाढतं आणि स्नायूचा ताण जोडणीवर येतो. खेळ पूर्ण बंद करायची गरज बहुतेकदा नसते, उड्या आणि वेगाच्या धावा कमी करायच्या आणि दुखणं सहन होण्याइतकं ठेवायचं. पण कंबर मागं वाकवताना एका बाजूला दुखत असेल आणि ते दोन-तीन आठवडे टिकलं तर तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात मणक्याच्या मागच्या भागात बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं, आणि ते वेळेत सापडलं तर विश्रांतीनं बहुधा भरून येतं.

वॉर्मअपसाठी "फिफा ११+" करा. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, तीन भाग: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद-उड्या-तोल, दोन मिनिटं वेगवान धावणं. आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण, सामन्याआधी फक्त पहिला आणि तिसरा भाग. यातला सर्वात टाळला जाणारा आणि सर्वात उपयोगी व्यायाम म्हणजे नॉर्डिक हॅमस्ट्रिंग: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, शरीर सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं. सुरुवात तीन ते पाच वेळा, काही आठवड्यांनी सात ते दहा. पहिल्या आठवड्यात मांड्या खूप दुखतात म्हणून पोरं सोडून देतात; म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नये.

तब्येत मोजायला यो-यो टेस्ट (इंटरमिटंट रिकव्हरी, पहिली पातळी). २० मीटर जाणं, २० मीटर येणं, मग दहा सेकंद विश्रांती, बीपनुसार वेग वाढत जातो. वरच्या पातळीचे प्रौढ खेळाडू २००० मीटरच्या पुढं जातात. पंधराव्या वर्षी १२०० ते १५०० आलं तर पाया चांगला आहे. तीन महिन्यांनी एकदा, त्याच जागी, त्याच बुटांत. दर आठवड्याला मोजण्यात अर्थ नाही.

हेडरचा सराव जपून. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं (एफए) २०२१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंनासुद्धा सरावात आठवड्याला जोराचे हेडर दहापेक्षा जास्त नकोत असा सल्ला दिला. जोराचे म्हणजे कॉर्नर, फ्रीकिक, क्रॉस आणि लांबून आलेले चेंडू. मग पंधरा वर्षांच्या पोराला कॉर्नरवर सलग चाळीस हेडर मारायला लावणारा कोच काय साधतो? तंत्र हातानं टाकलेल्या, थोड्या मऊ चेंडूवर शिकवता येतं. मानेचे व्यायाम सोबत हवेत. डोक्याला डोकं आपटलं आणि पोरगा गांगरला, डोकं दुखलं किंवा स्कोअर आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. "पाणी मार, खेळ" हा प्रकार बंद.

बूट: लांब स्टडचे एफजी (गवताच्या मैदानाचे) बूट कृत्रिम टर्फवर घालू नयेत. स्टड रुततो, शरीर वळतं, पाय अडकून राहतो आणि गुडघा पिळला जातो. टर्फला टीएफ (टर्फचे) किंवा एजी (कृत्रिम गवताचे). आपल्या काळ्या मातीच्या मैदानांना पावसाळ्यात एफजी ठीक. मार्चनंतर तीच माती वीट होते, तेव्हा लांब स्टड टाचेला मारतात, तिथंही छोट्या स्टडचे बरे. गुडघ्यात "कट्" असा आवाज आणि काही तासांत सूज, म्हणजे लिगामेंटची शंका. एसीएलची (गुडघ्यातल्या मुख्य लिगामेंटची) शस्त्रक्रिया झाली तर किमान नऊ महिने सामना नाही. त्याआधी उतरणाऱ्यांत तोच गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण जास्त असतं.

खाणं घरचंच पुरतं. प्रथिनं वजनाच्या किलोमागं साधारण दीड ग्रॅम, म्हणजे याला रोज ८० ग्रॅमच्या आसपास: अंडी, दूध-दही, मटकी, शेंगदाणे, पनीर किंवा चिकन. सराव संपल्यावर तासाभरात जेवण. पावडरचे डबे नकोत. त्यात काय मिसळलंय हे डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही आणि उत्तेजक चाचणीत "मला माहीत नव्हतं" ही सबब चालत नाही.

कागदपत्रवाला

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पैसे देऊ नका. क्लबच्या खुल्या ट्रायलची जाहिरात क्लब स्वतःच्या अधिकृत पानावर देतो. काही ठिकाणी नोंदणीचं किरकोळ शुल्क असतं, पण ते क्लबच्या खात्यात जातं, कुणाच्या खाजगी नंबरवर नाही.

एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि तो परीक्षा देऊन मिळतो. फिफाच्या २०२३ च्या नियमांनुसार अल्पवयीन खेळाडूशी एजंटनं संपर्कच साधायचा नसतो. त्या देशात पहिला व्यावसायिक करार करता येण्याचं वय यायला सहा महिने उरले की, तेही पालकांच्या लेखी परवानगीनं, बोलता येतं. खेळाडूशी एजंटचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा. कमिशन खेळाडूच्या मिळकतीतून. थोडक्यात, आधी खेळाडू कमावतो, मग एजंट. उलटं मागणारा एजंट नाही.

आता जे आजच करायचंय. एआयएफएफची (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची) ऑनलाइन नोंदणी, सीआरएस. ती क्लब किंवा अकादमीच करते. विचारा: भाच्याची नोंदणी आहे का, कोणत्या क्लबच्या नावावर, कधीपर्यंत? जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी हवी. आपल्याकडं वडिलांचं नाव मधे असतं. एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव पुढं. इथंच फॉर्म परत येतो. आणि मग घाईत कुणीतरी दुसरी नवी नोंदणी करून ठेवतं, ती तर आणखी मोठी डोकेदुखी. दुरुस्ती महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीकडून सुरू करा, नंतर आधार, शेवटी शाळा. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी हे झालं तर पुढची बरीच वर्षं सुखाची जातात.

एका क्लबकडं नोंद असताना दुसऱ्याकडून खेळायचं तर ट्रान्सफर लागते, नुसतं तोंडी "जा" चालत नाही. सोडताना मागच्या अकादमीशी भांडून जाऊ नका. आणि वय खरंच लिहा. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय बघतात, टीडब्ल्यू३ पद्धतीनं. लवकर वयात आलेला पोरगा प्रामाणिक असूनही त्यात अडकू शकतो, म्हणून जन्मदाखला जन्माच्या वेळीच नोंदलेला असणं फार मोलाचं.

करारापर्यंत गोष्ट गेली तर: १८ खाली कमाल तीन वर्षं, एरवी कमाल पाच. "मेडिकल पास झाला तरच करार लागू" असं कलम फिफाच्या नियमांत बसत नाही; क्लबनं तपासणी सहीआधी करायची. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस थांबायचं, तरी मिळाला नाही तर खेळाडू योग्य कारणानं करार मोडू शकतो. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी आणि सही करता येते. सहीची एक प्रत घरी ठेवा. हास्यास्पद वाटेल, पण अनेक पोरांकडं स्वतःच्या कराराची प्रत नसते. आणि दुखापतीचा खर्च, फिजिओ, हंगाम संपल्यावरची राहायची सोय हे कलम वाचा. पगाराच्या आकड्यावरून नजर हलत नाही म्हणून हे राहून जातं.

कॉलेज रोड ९०+४

करिअरच्या लांबीबद्दल. डिफेंडरचं करिअर उशिरा पिकतं आणि लांब चालतं, हा या जागेचा मोठा फायदा. विंगरचा वेग तिशीनंतर उतरतो. स्टॉपर तोवर खेळ वाचायला शिकलेला असतो. इटलीचा डिफेंडर पाओलो माल्दिनी १९८५ ते २००९ मिलानकडून खेळला, हे अर्थात टोक झालं. आपल्याकडचं बघा.

अनस एडथोडिका भारताकडून पहिला सामना खेळला तो २०१७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, देशातली सर्वात वरची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं खेळाडू निवडण्यात, जमशेदपूरनं त्याला सगळ्यात आधी उचललं, १ कोटी १० लाखांना. संदेश झिंगन चंदीगडचा. युनायटेड सिक्कीमकडून दुसऱ्या श्रेणीत सुरुवात, २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्स आणि पहिल्याच हंगामात उदयोन्मुख खेळाडूचा मान. २०१९ मध्ये गुडघा गेला, अख्खा हंगाम बुडाला, तरी परत आला आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. आणि आपल्या राज्यातला राहुल भेके: मुंबईचा, जन्म १९९०. बेंगळुरूकडून राइट बॅक खेळताना मार्च २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून गोव्याविरुद्ध विजेतेपद मिळवून दिलं. भारतीय संघात पदार्पण त्यानंतर, अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढं मुंबई सिटीत स्टॉपर, आणि २०२२ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध पुन्हा कॉर्नरवर हेडर. भारतीय क्लबचा त्या स्पर्धेच्या गटसाखळीतला तो पहिला विजय. बॅक आणि स्टॉपर दोन्ही जमणं म्हणजे काय, ते इथं बघावं.

जागांचं गणित: २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी. बहुतेक क्लब त्यातला एक स्टॉपरच्या जागी लावतात, बाकी मिडफील्ड आणि स्ट्रायकर. म्हणजे भारतीय पोरासाठी स्टॉपरची साधारण एक जागा, दोन्ही बॅकच्या मात्र जवळपास कायम. स्ट्रायकरपेक्षा हे चित्र फारच बरं.

पैशाबाबत डोळे उघडे ठेवा. आयएसएल वेगळी, आय-लीग (तिच्याखालची राष्ट्रीय लीग) वेगळी, आय-लीग २ आणि ३ आणखी वेगळ्या; खाली उतरेल तसा करार हंगामापुरता, सात-आठ महिन्यांचा. २०२५ मध्ये एआयएफएफ आणि एफएसडीएल (आयएसएल चालवणारी कंपनी) यांच्यातल्या कराराचा घोळ झाला तेव्हा आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणून शिक्षण सोडू नये. रेल्वे, सैन्यदल, पोलीस इथं खेळाडू भरती असते, राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी राज्य-राष्ट्रीय स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं लागतात. झेरॉक्सवर काम होत नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्तावही शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेत गेला पाहिजे.

सिडको एक्सप्रेस

सगळं छान आहे, पण खरं बोला ना. पंधराव्या वर्षी नाशिकमध्ये टर्फवर खेळणारा पोरगा म्हणजे गाडी गेलेली. मोठ्या निवासी अकादम्या बारा-तेराव्या वर्षी उचलतात.

सहाव्या नंबरची जर्सी

@सिडको, अकादम्यांबद्दल बरोबर बोललात. नवी मुंबईच्या रिलायन्स यंग चॅम्प्ससारख्या ठिकाणी बहुतेक निवड त्याच वयात होते, तो दरवाजा आता जवळपास बंद. पण तो एकच दरवाजा नाही. राज्य संघ, क्लबांचे १७ खालचे संघ, मुंबई-पुण्याच्या स्थानिक लीग, रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळणारे युवा संघ, मग आय-लीग ३. ही वाट १६ ते २१ या वयाची आहे, आणि डिफेंडर त्या वाटेनं येऊ शकतो, कारण त्याची जागाच उशिरा पक्की होते. स्ट्रायकर असता तर मीही तुमच्याच बाजूनं बोललो असतो.

नाशिक सोडायचं ते बारावीच्या आधी नको, असं माझं मत. या वर्षी सुब्रतो कप १७ खालील शालेय गट, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा. त्यांची सूचना अनेकदा चार दिवस आधी, तीही व्हॉट्सॲपवर येते. अकरावीला मुंबई किंवा पुण्याच्या लीगमधला एखादा क्लब शनिवार-रविवारसाठी गाठता येतो का बघा. जाऊन-येऊन दमणूक होते, म्हणून रोजच्या सरावासाठी नाही, फक्त सामन्यांसाठी. तिथं नियमित अकरात आला तर मगच मुक्काम हलवायचा. बाकावर बसायला कुणी शहर सोडू नये.

इंदिरानगरची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवलं. आणखी दोनच: ट्रायलला काय बघतात ते राहिलं, आणि क्लब व्हिडिओ मागतात तो कसा करायचा? दहावीमुळं आठवडा कसा बसवावा हेही कुणी सांगितलं तर बरं.

सहाव्या नंबरची जर्सी

ट्रायल: बहुधा वीस-तीस मिनिटांचा सामना, अनोळखी दहा जणांबरोबर. उतरायच्या आधी शेजारचा स्टॉपर, दोन्ही बॅक आणि गोलकीपर यांची नावं विचारून घ्यायची, म्हणजे हाक मारता येते. एवढ्यानंच निम्मी पोरं मागं पडतात. पहिले दोन-तीन पास सोपे. पहिला हेडर आणि पहिला एकास एक जिंकायचा, नाही तर निदान अडवून धरायचा. निवडणारे बघतात ते हे: चेंडू लांब असताना कुठं उभा राहतो, चूक झाल्यावर मागं पळतो की डोकं धरून उभा राहतो, उलट्या पायावर चेंडू आला की घाबरतो का, आणि बोलतो का. स्वतःची जागा सोडून गोल मारायला धावणारा डिफेंडर आधी कटतो. फॉर्मवर जागा लिहिताना "राइट बॅक / स्टॉपर" असं लिहा, "कुठंही" असं लिहू नका.

व्हिडिओ: चार ते पाच मिनिटं, गाणं नको, स्लो-मोशन नको. सुरुवातीला पाच सेकंद नाव, जन्मतारीख, उंची, पाय, जागा, संपर्क. प्रत्येक प्रसंगाआधी बाण किंवा वर्तुळ काढून भाचा कोणता ते दाखवा. क्लिप टॅकलपासून सुरू करू नका, आठ-दहा सेकंद आधीपासून ठेवा, कारण तो तिथं कसा पोचला हेच बघायचं असतं. सहा-सात बचावाचे प्रसंग, चार हवेतले चेंडू, सहा-सात पास (त्यात दोन तरी डाव्या पायाचे), दोन-तीन लाइन पुढं नेण्याचे. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक, शक्यतो बरोबरीच्या संघाशी झालेल्या. ८-० नं जिंकलेल्या सामन्यात स्टॉपरचं काय दिसणार? चित्रण मध्यरेषेजवळून, तीन-चार मीटर उंचीवरून, फोन आडवा, आणि कॅमेरा चेंडूमागं न पळता बचावाची पूर्ण फळी चौकटीत ठेवून. पॅव्हेलियनची पायरी किंवा बाजूच्या वर्गाची गच्ची चालते.

आठवडा: सोमवार सुट्टी. मंगळवार मोठं मैदान, लाइन आणि एकास एक, ७५ मिनिटं. बुधवार घरी ताकद ३० मिनिटं आणि डावा पाय १५. गुरुवार मोठं मैदान, पास आणि क्रॉस. शुक्रवार टर्फ, हलकं. शनिवार वॉर्मअप आणि झोप. रविवार सामना. जानेवारीपासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत मंगळवार आणि रविवारच ठेवा, घरचे व्यायाम चालू ठेवा. दोन-अडीच महिन्यांत काही बिघडत नाही. परीक्षेनंतर मात्र थेट सामन्यात उतरवू नका. पहिले दोन आठवडे नुसत्या धावा आणि ११+, तिसऱ्या आठवड्यात अर्धा सामना. एप्रिलमधल्या टणक जमिनीवर थंड पायांनी उतरलेल्यांचेच हॅमस्ट्रिंग जास्त जातात. आणि सराव सकाळी साडेनऊच्या आत संपवा.